मास्तरांची शाळा आणि पुस्तकांचे कपाट : वऱ्हाडातील अध्यापक-प्रशिक्षणाचा इतिहास

वऱ्हाडात शिक्षक घडवण्यासाठी स्वतंत्र विद्यापीठ कधी निघाले नाही. तमिळनाडूने २००८ साली अध्यापक-शिक्षणाचे वेगळे विद्यापीठ उभारले, गुजरातने २०१० साली गांधीनगरला तशीच संस्था काढली. महाराष्ट्रात मात्र हे काम नॉर्मल स्कूल, ट्रेनिंग कॉलेज, अध्यापक विद्यालय, अध्यापक महाविद्यालय अशा बदलत्या पाट्यांखाली चालत आले आणि पदवीपुरते सर्वसाधारण विद्यापीठांना जोडले गेले. त्यामुळे त्याचा इतिहास एका आवारात सापडत नाही. तो अकोला, अमरावती, वर्धा, जबलपूर आणि नागपूर या गावांत विखुरलेला आहे. ही सगळी गावे रेल्वेवरची.

तेल्हारा रेल्वेवर नाही. सातपुड्याच्या पायथ्याचे, वान नदीच्या टापूतले हे कपाशीचे गाव पूर्वी अकोट तालुक्यात मोडत असे. स्वतंत्र तालुका ते पुष्कळ पुढे झाले. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा फाटा १८६७ पर्यंत नागपूरला पोचला तो शेगाव आणि अकोल्यावरून, म्हणजे पूर्णा नदीच्या दक्षिणेकडून. तेल्हाऱ्याकडच्या पोराला मास्तरकीचे शिक्षण घ्यायचे तर खारपाणपट्ट्याची काळी माती आणि पूर्णेचे पात्र ओलांडणे आले. पावसाळ्यात या मातीत बैलगाडीचे चाक रुतले की निघत नसे. स्वातंत्र्यानंतर अकोला-खंडवा मीटरगेज लाइन झाली तीही तेल्हारा गावाला बगल देऊन, अकोट-हिवरखेडवरून गेली. या भागातले प्रशिक्षण कुठे होते आणि त्याची पुस्तके कुठे होती, हे दोन प्रश्न म्हणून वेगळे काढता येत नाहीत. जिथे गाडी थांबे तिथे कॉलेज निघाले, आणि जिथे कॉलेज तिथेच पुस्तके राहिली.

इंग्रजी अमलापूर्वी शिक्षकाला शिकवण्याची गरज कोणाला वाटत नव्हती. गावठी शाळेचा पंतोजी देवळात किंवा एखाद्या सावकाराच्या ओसरीवर बसे. धुळपाटीवर अक्षरे, मग मोडीचे वळण, पावकी-निमकीपासून औटकीपर्यंतचे पाढे आणि जमाखर्चापुरता हिशेब एवढा त्याचा अभ्यासक्रम. मोबदला बहुधा धान्याच्या रूपाने मिळे. ही विद्या बापाकडून मुलाकडे जाई. छापील पुस्तक तिच्यात नव्हते, म्हणून पुस्तकांच्या कपाटाचाही प्रश्न नव्हता.

१८५३ च्या करारानुसार निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला आणि तो ‘हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स’ या लांबलचक नावाने ओळखला जाऊ लागला. दुसऱ्याच वर्षी आलेल्या वुडच्या खलित्याने हिंदुस्थानात प्रशिक्षित शिक्षकांसाठी नॉर्मल शाळा काढाव्यात, असा आग्रह धरला होता. वऱ्हाडात शिक्षण खाते १८६६ साली उभे राहिले. सरकारी हायस्कुले अकोला आणि अमरावतीला निघाली आणि मराठी शाळांसाठी मास्तर तयार करणारे ट्रेनिंग कॉलेज अकोल्यात आले. कॉलेज हा शब्द तेव्हा जरा सढळ हाताने वापरला जाई. तिथे येणारा विद्यार्थी मराठी सहा-सात इयत्ता शिकून आलेला असे, आणि बाहेर पडताना त्याच्या हाती येई ती गावच्या शाळेतली सरकारी नोकरी, पदवी नव्हे.

नमुना अर्थातच पुण्याचा होता. मुंबई इलाख्यात मराठी मास्तरांचे शिक्षण आधीच मार्गी लागले होते. सावित्रीबाई फुल्यांनी अहमदनगरला मिस फरार आणि पुण्याला मिसेस मिचेल यांच्याकडे अध्यापनाचे धडे घेतले होते. पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजचे प्रमुखपद कृष्णशास्त्री चिपळूणकरांकडे होते. त्यांच्या ‘मराठी शालापत्रक’ या मासिकाने खेड्यातल्या मास्तरापर्यंत दरमहा काही वाचायला पोचवण्याची सोय केली, आणि पुढे त्यांचे चिरंजीव विष्णुशास्त्री यांच्या हाती असताना सरकारने ते बंद केले. वऱ्हाड मुंबई इलाख्यात नव्हता, पण त्याची क्रमिक पुस्तके आणि शिक्षण खात्यातली बरीचशी शिकलेली माणसे तिकडूनच आली. याचा एक परिणाम आजही ऐकू येतो. पुण्याकडच्या पुस्तकांतली मराठी वऱ्हाडी पोराच्या घरात बोलली जात नव्हती. ‘मले’ म्हणणाऱ्या मुलाला ‘मला’ लिहायला लावणे हा तेल्हाऱ्यासारख्या ठिकाणच्या मास्तराचा रोजचा उद्योग होता, आणि त्यासाठीची कोणतीही पद्धत त्याला ट्रेनिंगमध्ये शिकवलेली नसे.

शिकवले काय जाई, याचा सांगाडा मात्र दीडशे वर्षांत फारसा हलला नाही. सकाळी विषयज्ञान: मराठी, गणित, भूगोल, थोडे जमीनमोजणीचे ज्ञान. त्याच्या जोडीला शाळा-व्यवस्था, म्हणजे हजेरीपट कसा भरायचा, एकाच मास्तराने चार इयत्ता एका खोलीत कशा सांभाळायच्या, दिपोटी साहेब (डेप्युटी इन्स्पेक्टर) तपासणीला आले की काय दाखवायचे. आणि या सगळ्याचा कणा म्हणजे सराव पाठ. कॉलेजला जोडलेल्या सराव शाळेत उमेदवार मास्तर खऱ्या मुलांसमोर उभा राहून पाठ घेई. आदल्या दिवशी त्याचे टाचण लिहून मंजूर करून घ्यावे लागे: पाठाचा हेतू, प्रस्तावना, मुलांना विचारायचे प्रश्न, अपेक्षित उत्तरे, फळ्यावर काय लिहायचे, शेवटी उजळणी. मागच्या बाकावर बसलेले सोबती आणि अध्यापक निरीक्षणे टिपत. पाठ संपल्यावर त्याची चिरफाड होई. खडूचा आवाज, फळ्याला पाठ करून उभे राहणे, एकाच मुलाला तीनदा प्रश्न विचारणे, उत्तर आपणच देऊन टाकणे असे बारीकसारीक दोष तिथे निघत. ही टीकेची बैठक उमेदवारांना परीक्षेपेक्षा जड जाई. पुढच्या काळात टाचणाच्या कागदावरचे रकाने बदलले, जर्मन शिक्षणतज्ज्ञ हर्बार्टच्या पाठ-पायऱ्यांची जागा उद्दिष्टांनी आणि उद्दिष्टांची जागा अध्ययन निष्पत्तींनी घेतली, तरी बाकावर बसलेला निरीक्षक आणि समोर घामाघूम झालेला छात्राध्यापक हे दृश्य तसेच राहिले.

पुस्तकांची स्थिती वेगळी होती. ट्रेनिंग कॉलेजचे ग्रंथालय म्हणजे आरंभी क्रमिक पुस्तके, नकाशे, पृथ्वीचा गोल आणि सरकारी अहवाल ठेवलेली कुलूपबंद कपाटे. पुस्तक हरवले तर भरपाई सांभाळणाऱ्याच्या अंगावर येई, त्यामुळे ते न देण्याकडेच कल. ही सरकारी सामानाच्या नोंदवहीची शिस्त होती. पुस्तकही खुर्ची-टेबलाच्या यादीतली एक वस्तू मानले जाई. या कपाटांपेक्षा मास्तरांच्या वाचनाला खरा हातभार लागला तो कॉलेजच्या भिंतीबाहेर. अकोल्यात १८६० साली, शिक्षण खाते उभे राहण्याच्याही आधी, नेटिव्ह जनरल लायब्ररी सुरू झाली होती. तीच पुढे बाबूजी देशमुख वाचनालय म्हणून ओळखली गेली. अमरावतीचे नगर वाचनालय १८६७ चे. वकील, कारकून, व्यापारी आणि शाळामास्तर यांच्या वर्गणीवर ही वाचनालये चालली. तिथे पुण्या-मुंबईची वर्तमानपत्रे येत, मासिके येत, नाटके-कादंबऱ्या येत. ट्रेनिंगसाठी दोन वर्षे अकोल्यात राहिलेल्या खेड्यातल्या तरुणाला आयुष्यात पहिल्यांदा वाचनाचे टेबल दिसले ते बहुधा अशा ठिकाणी. वऱ्हाडात शिक्षकाच्या प्रशिक्षणापेक्षा वाचनालय वयाने मोठे आहे, ही गोष्ट शिक्षणाचा इतिहास लिहिताना सहसा बाजूला राहते.

सरकारी शिक्षण आणि लोकांचे वाचन यांना जोडणारी माणसेही होती. रावबहादूर विष्णु मोरेश्वर महाजनी हे त्यांतले ठळक नाव. अकोल्याचे सरकारी हायस्कूल आणि वऱ्हाडचे शिक्षण खाते यांत त्यांची कारकीर्द गेली. शेक्सपिअरच्या ‘सिंबेलिन’वरून त्यांनी केलेले ‘तारा’ हे नाटक गाजले आणि १९०७ साली पुण्याच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. पाच वर्षांनी, १९१२ साली, संमेलन अकोल्यातच भरले आणि अध्यक्षस्थानी हरि नारायण आपटे होते. अकोल्याला हा मान मिळाला त्यामागे कापसाचा पैसा होता, तसाच हायस्कूल, ट्रेनिंग कॉलेज आणि वाचनालय यांच्याभोवती जमलेला शिक्षकांचा वर्गही होता. १९२३ साली अमरावतीत विदर्भ साहित्य संघ स्थापन झाला तेव्हा हा वर्ग आणखी पसरला होता.

१९०३ मध्ये वऱ्हाडचा कारभार मध्य प्रांताला जोडला गेला आणि दिशा पालटली. आता वरिष्ठ कचेरी नागपुरात, आणि माध्यमिक शिक्षकांचे प्रशिक्षण जबलपूरला, पुढे स्पेन्स ट्रेनिंग कॉलेज म्हणून नावारूपाला आलेल्या संस्थेत. अकोल्याच्या किंवा अमरावतीच्या पदवीधर शिक्षकाला हिंदी मुलखात जाऊन इंग्रजीतून अध्यापनशास्त्र शिकावे लागे. प्राथमिक शिक्षकांसाठी नॉर्मल स्कूल ही मध्य प्रांताची संज्ञा वऱ्हाडात रूढ झाली. ‘नॉर्मल पास’ हा शिक्का लग्नाच्या बाजारातही चालत असे. १९२३ साली नागपूर विद्यापीठ निघाल्यावर पदवीचे शिक्षण जवळ आले, अमरावतीला किंग एडवर्ड कॉलेज सुरू झाले.

मागणी वाढली ती सक्तीच्या शिक्षणामुळे. मध्य प्रांताचा प्राथमिक शिक्षण कायदा १९२० चा. त्याने स्थानिक संस्थांना आपल्या हद्दीत शिक्षण सक्तीचे करण्याची मुभा दिली. अमरावती जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष असताना डॉ. पंजाबराव देशमुखांनी ती मुभा गंभीरपणे घेतली, आणि पुढे ते प्रांताचे शिक्षणमंत्री झाले. १९३२ साली त्यांनी उभारलेल्या श्री शिवाजी शिक्षण संस्थेने पुढच्या काळात वऱ्हाडभर शाळा-महाविद्यालयांचे जाळे विणले, त्यात अध्यापक महाविद्यालयही आले. तोवर मास्तरकी मुख्यतः पांढरपेशा घरांकडे होती. कुणब्याच्या, माळ्याच्या घरातला मुलगा शिक्षक होऊ लागला तो या लाटेत. घरात पुस्तक नसलेली ही पहिली पिढी. तिच्यासाठी संस्थेचे ग्रंथालय असणे-नसणे ही केवळ सोयीची बाब राहिली नव्हती.

स्त्रियांचे प्रशिक्षण मागेच राहिले. मुलींच्या शाळा काढायच्या तर बाई हवी, आणि बाई हवी तर तिच्या राहण्याची सोय हवी, या फेऱ्यात बरीच वर्षे गेली. धोंडो केशव कर्व्यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ काढल्यावर लगेच, १९१७ मध्ये, प्राथमिक शिक्षिकांसाठी अध्यापिका शाळा सुरू केली, कारण विद्यापीठाला विद्यार्थिनी मिळायच्या तर आधी खालच्या शाळांत शिकवायला बाया हव्यात, हा साधा हिशेब होता. वऱ्हाडात त्या तोडीचे काही झाले नाही. बाळापूर, अकोट, तेल्हारा या पट्ट्यात उर्दू शाळाही बऱ्याच. त्यांच्या शिक्षकांना उर्दू अध्यापनपद्धतीची आणि उर्दू पुस्तकांची गरज वेगळी होती, आणि मराठी शिक्षकांपेक्षा त्यांच्या वाट्याला पुस्तके आणखी कमी आली.

१९३७-३८ ही दोन वर्षे या भागासाठी विलक्षण होती. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली, डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने नई तालीमचा आराखडा केला. त्याच सुमारास प्रांताचे शिक्षणमंत्री रविशंकर शुक्ल यांनी विद्यामंदिर योजना मांडली: गावाने जमीन द्यायची, तिच्या उत्पन्नावर शाळा आणि शिक्षक चालायचा. या शाळांचे शिक्षक तयार करण्यासाठी एप्रिल १९३८ मध्ये वर्ध्यात विद्यामंदिर प्रशिक्षण शाळा सुरू झाली. सेवाग्रामला हिंदुस्तानी तालीमी संघाचे काम आर्यनायकम पती-पत्नींनी चालवले. तकली, विणकाम, शेती आणि सफाई यांतून भाषा-गणित शिकवायचे, ही कल्पना पाठाच्या टाचणालाच हात घालणारी होती. पुस्तकाला तिने दुय्यम जागा दिली, ती तत्त्व म्हणून. सरकारी प्रशिक्षण शाळांनी मात्र तत्त्व सोडले आणि तकली ठेवली. पुढची पंधरा-वीस वर्षे ‘मूलोद्योग’ हा परीक्षेचा एक विषय होऊन राहिला आणि सूतकताईच्या तासांमुळे ग्रंथालयाचा तास गेला तो गेलाच. नई तालीमच्या अपयशाची कारणे पुष्कळ सांगितली जातात. शिक्षकाला ती एक पद्धत म्हणून शिकवली आणि विचार म्हणून वाचायला दिलीच नाही, हे त्यांतले मोठे कारण मानायला हरकत नाही.

अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची वाट याहून निराळी. वैद्य बंधूंनी १९१४ साली सुरू केलेल्या या आखाड्याने शारीरिक शिक्षणाचे वर्ग चालवून गावोगावचे शिक्षक तयार केले. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या पथकाने तिथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिके केली. १९६७ साली मंडळाचे शारीरिक शिक्षणाचे पदवी महाविद्यालय निघाले. वऱ्हाडातल्या शाळांत ‘पीटीचे सर’ म्हणून ओळखले जाणारे अनेक जण इथून शिकून गेले.

१९५६ मध्ये वऱ्हाड मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. शिक्षकाच्या दृष्टीने पाट्या पुन्हा बदलल्या. १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा आल्या आणि प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या. नॉर्मल स्कूलचे अध्यापक विद्यालय झाले, प्रमाणपत्राचे नाव डी.एड. झाले. मध्य प्रदेशी वळणाची क्रमिक पुस्तके जाऊन १९६७ मध्ये स्थापन झालेल्या बालभारतीची पुस्तके आली. त्याच वर्षीच्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्याने गावच्या वाचनालयांना अ, ब, क, ड असे वर्ग आणि वर्गानुसार अनुदान मिळवून दिले. अंमल १ मे १९६८ पासून. अनेक खेड्यांत ही अनुदानित वाचनालये शिक्षकांनीच काढली आणि चालवली. संध्याकाळी शाळा सुटल्यावर वाचनालयाचे दार उघडणारा हात बहुधा मास्तराचाच असे. शिक्षण आयोगाने, म्हणजे कोठारी आयोगाने, १९६६ च्या अहवालात अध्यापक-शिक्षण विद्यापीठापासून आणि शाळेपासून तुटलेले आहे, अशी तक्रार नोंदवली होती. आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक यांना महाराष्ट्रातली ग्रामीण शाळा आतून माहीत होती.

बी.एड.ची पदवी वऱ्हाडात दीर्घकाळ नागपूर विद्यापीठाची होती. १ मे १९८३ रोजी अमरावती विद्यापीठ स्थापन झाले आणि अकोला, अमरावती, बुलढाणा, यवतमाळ (पुढे १९९८ पासून वाशीमही) इथली अध्यापक महाविद्यालये त्याच्याकडे आली. विद्यापीठाला पुढे संत गाडगेबाबांचे नाव मिळाले आणि त्याचे ग्रंथालय आता ज्ञानस्रोत केंद्र म्हणवते. शिक्षणशास्त्राच्या संशोधकाला हा मोठाच फरक होता. तोवर एम.एड. किंवा पीएच.डी.साठी नागपूर गाठावे लागे. आता प्रबंध अमरावतीत पाहता येऊ लागले, आणि शोधगंगा हा प्रबंधांचा ऑनलाइन संग्रह सुरू झाल्यावर त्यांतले पुष्कळ घरबसल्या. १९८६ च्या राष्ट्रीय धोरणानंतर जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था, म्हणजे ‘डाएट’, निघाल्या. अकोल्याची संस्था सेवेतल्या प्राथमिक शिक्षकांची प्रशिक्षणे घेते. पुण्याच्या राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेचे ‘जीवन शिक्षण’ हे मासिक अशा संस्थांच्या टेबलावर हमखास दिसते.

अध्यापक महाविद्यालयाच्या ग्रंथालयात शिरले की संग्रहाची रचना लगेच कळते. ड्यूईच्या दशांश वर्गीकरणात शिक्षणाचा अंक ३७०. तिथून पुढची कपाटे भरगच्च असतात. शैक्षणिक मानसशास्त्र, मूल्यमापन, शालेय व्यवस्थापन, आशययुक्त अध्यापनपद्धती या विषयांची मराठी पुस्तके, एकेका पुस्तकाच्या वीस-वीस प्रती, पाठीला चिकटपट्टी लावलेल्या. परीक्षेआधी महिनाभर ती जागेवर सापडत नाहीत. एका बाजूला पहिली ते दहावीची क्रमिक पुस्तके, दुसऱ्या बाजूला जुन्या विद्यार्थ्यांच्या टाचणवह्या आणि प्रकल्प, जे नव्या विद्यार्थ्यांना पाठ्यपुस्तकापेक्षा जास्त उपयोगी वाटतात. इतिहास, विज्ञान, ललित साहित्य यांची कपाटे मात्र लहान. शिकवायचे कसे, याची पुस्तके उदंड आणि शिकवायचे काय, याची थोडी, हा असमतोल नॉर्मल स्कूलच्या काळापासून चालत आलेला आहे.

राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेला १९९३ च्या कायद्याने मान्यता देण्याचे अधिकार मिळाले आणि ग्रंथालय ही मोजण्याची गोष्ट झाली. २०१४ च्या निकषांनुसार बी.एड. महाविद्यालयात किमान १००० शीर्षके, ३००० पुस्तके आणि निम्म्या विद्यार्थ्यांना बसता येईल एवढा वाचनकक्ष हवा. निकष वाईट नव्हते. अडचण अशी की, २००० नंतर शिक्षणसेवक भरतीच्या आशेने डी.एड.ला झुंबड उडाली, विद्यालये गल्लीबोळांत निघाली आणि पुस्तके तपासणीच्या दिवसापुरती मांडली जाऊ लागली. महाराष्ट्रातल्या तीनशेच्या घरातील डी.एड. विद्यालयांच्या मान्यतेचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. त्यातून न्या. जे. एस. वर्मा यांचा आयोग नेमला गेला आणि तपासणीत बहुसंख्य संस्था निकषांत बसल्या नाहीत. २०१२ च्या आयोगाच्या अहवालाने देशभरच्या अध्यापक-शिक्षणाचे चित्र मांडले, पण त्याचे मूळ या मराठी मुलखातल्या दुकानदारीत होते.

लाट ओसरली तीही झपाट्याने. भरती रखडली, डिसेंबर २०१३ मध्ये शिक्षक पात्रता परीक्षा पहिल्यांदा झाली आणि तिचे निकाल धक्कादायक लागले, नेमणुका शिक्षकभरतीच्या ‘पवित्र’ या सरकारी पोर्टलवरून होऊ लागल्या. डी.एड.चे डी.एल.एड. झाले, बी.एड. २०१५ पासून दोन वर्षांचे झाले, आणि अनेक विद्यालयांत जागा रिकाम्या राहू लागल्या, काही बंदही पडली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने चार वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रम पुढे आणला आहे. तो बहुशाखीय महाविद्यालयांतच चालावा अशी त्याची अट असल्याने एकट्या-दुकट्या अध्यापक विद्यालयांना दुसऱ्या महाविद्यालयाशी जोडून घेणे किंवा कुलूप लावणे एवढेच पर्याय उरतात. तेल्हाऱ्यात आज हायस्कुले आहेत, डॉ. गोपाळराव खेडकरांच्या नावाचे महाविद्यालय आहे. शिक्षक होऊ पाहणारा मुलगा किंवा मुलगी एसटीने अकोला-अकोट गाठते, पाठ्यपुस्तकावरचा क्यूआर कोड फोनने उघडते आणि पात्रता परीक्षेची तयारी बहुतेक वेळा सार्वजनिक वाचनालयाच्या नाहीतर खासगी अभ्यासिकेच्या खुर्चीवर बसून करते.